लग्न ठरण्याआधी अडखळण्याचं सांगावं का? आणि 'स्वतःला स्वीकार' म्हणजे नेमकं करायचं काय?

भांडुपवाला

नमस्कार मंडळी. थोडं लांबणार आहे. लिहिताना मी अडखळत नाही, त्यामुळे संधी मिळाली की सोडत नाही.

वय ३१, राहणार भांडुप पश्चिम, लोअर परळला एका कंपनीत हिशेब तपासणीचं काम. लहानपणापासून अडखळत बोलतो. तोतरा म्हटलंत तरी चालेल, शाळेत याहून वाईट नावं होती. गंमत म्हणजे ऑफिसातल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नाही. माझं अडखळणं कमी झालं म्हणून नव्हे, मी लपवण्यात तरबेज झालो म्हणून.

ज्यांना हा त्रास नाही त्यांना सांगतो लपवणं कसं असतं. मला 'भ' आणि 'क' फुटत नाहीत. यूटीएस ॲप नव्हतं तेव्हा दादरच्या खिडकीवर भांडुपचं तिकीट मागायची वेळ आली की मी मुलुंड मागायचो. मुलुंड भांडुपच्या पुढे, त्यामुळे टीसीने पकडायचा प्रश्न नाही. (कांजूर मागून भागलं नसतं. एक स्टेशन अलीकडे पडतं, शिवाय 'क'.) हॉटेलात भूक भजीची असते आणि समोर वडा येतो. मीटिंगमध्ये 'सगळ्यांनी एकेक करून ओळख करून द्या' असं कोणी म्हटलं की माझ्या आधी कितीजण आहेत ते मोजत बसतो, आणि त्या सगळ्यांची नावं डोक्यावरून जातात. माझं स्वतःचं नाव हा तर वेगळाच छळ. बाकी कुठल्याही शब्दाला दुसरा शब्द सापडतो, नावाला कुठून आणणार? कॉफीच्या दुकानात कपावर लिहायला नाव विचारतात, तिथे मी 'अमित' आहे.

आता मुद्दा. घरचे स्थळं बघतायत. त्यातली एक मुलगी मला मनापासून आवडली आहे. विक्रोळीची, फिजिओथेरपिस्ट. माटुंग्याला एका उडप्याकडे भेटतो आम्ही. ती भरपूर बोलते आणि छान बोलते. मी मान हलवतो आणि छोटी छोटी वाक्यं मनात तपासून मगच बाहेर सोडतो. परवा म्हणाली, "तुझं हेच आवडतं मला. तू शांत आहेस, उगाच बडबड करत नाहीस."

मंडळी, मी शांत नाही हो! मी एक नंबरचा बडबड्या आहे. घरी मॅच लागली की टीव्हीतल्या समालोचकाच्या वरताण माझं समालोचन चालतं, शेवटी बाबा वैतागून टीव्हीच बंद करतात. तिला जो शांत माणूस आवडलाय तो कोण आहे, मी त्याला ओळखत नाही.

आत्या म्हणते, "सुपारी फुटेपर्यंत कमी बोल, मग होते बायकोला सवय." आई म्हणते, "विचारलं तर सांग, आपणहून कशाला?" मित्र म्हणतो, "आधी तू स्वतःला स्वीकार." हे शेवटचं तर हल्ली सगळेच म्हणतात. रीलवर म्हणतात, ऑफिसच्या ट्रेनिंगला आलेला टायवाला म्हणतो. कबूल. पण सोमवारी सकाळी उठून करायचं काय? आरशासमोर उभं राहून 'मी मला आवडतो' म्हणून पाहिलं. त्यात 'भ' नाही, 'क' नाही, खाडकन म्हणता येतं. फरक काहीच नाही.

तर, सांगू का? सांगायचं तर कसं?

---

दादर_कट्टा

वेखंड मधात उगाळून रोज सकाळी जिभेवर चाटवायचं. माझा पुतण्या चौथ्या वर्षी असाच अडखळायचा, शाळेत जायला लागेपर्यंत घडाघडा बोलायला लागला. जिभेखालची शीरही एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, आखूड असेल तर कापतात. आणि मुलीला आत्ता काही सांगू नका. चांगलं स्थळ हातचं जाईल.

---

वाचाताई

मी स्पीच थेरपिस्ट आहे. बरीच वर्षं रुग्णालयात काढली, आता घरीच पेशंट बघते.

दादर_कट्टा, पुतण्या बोलायला लागला हे उत्तमच, पण श्रेय वेखंडाच्या खात्यात टाकू नका. अडखळणं बहुतेकदा २ ते ५ या वयात सुरू होतं. साधारण ५ टक्के मुलं कधी ना कधी त्यातून जातात आणि त्यातली बरीच, पाचातली तीन-चार तरी, काहीही न चाटता मोठी होता होता सुटतात. मोठ्या माणसांत हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उरतं, आणि त्यात पुरुष बायकांच्या जवळपास चौपट. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार हजार माणसं धरली, तर ढोबळ हिशेबाने चाळीसेक जण अडखळणारे निघतील. भांडुपवाला, तुमच्याच गाडीत.

शीर आखूड असली तर काही उच्चार अस्पष्ट होऊ शकतात. अडखळण्याशी तिचा संबंध नाही, ती कापून अडखळणं जात नाही. हे मुळात मेंदूतल्या बोलण्याच्या यंत्रणेचं काम आहे. बोलण्याच्या हालचाली ज्या वेळी ज्या क्रमाने व्हायला हव्यात, तिथे मेळ चुकतो. बऱ्याच घरांत ते पिढ्यांतून आलेलं दिसतं. भित्रेपणामुळे होत नाही, बुद्धीशी तर काहीच देणंघेणं नाही. भीतीने वाढतं मात्र. आणि यावर मान्यता मिळालेली गोळी अजून तरी नाही. कोणी विकत असेल तर पैसे वाचवा.

आता तुमच्याबद्दल. जोसेफ शीहन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः अडखळायचे. अडखळण्याला ते हिमनग म्हणत. लोकांना ऐकू येतं ते पाण्यावरचं टोक. लाज, धास्ती, शब्द बदलणं, फोन टाळणं हे सगळं पाण्याखाली. तुमचं टोक तर दिसतच नाही, इतकं सगळं खाली दाबलंय. अशा माणसांवर उपचार करणं आम्हाला जास्त अवघड जातं, कारण ते आमच्यासमोर बसूनही शब्द बदलतात.

सोमवारी सकाळी काय करायचं विचारलंत ना? मुद्दाम अडखळायचं. थट्टा करत नाही. ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. जिथे काही बिघडणार नाही अशा ठिकाणी, अनोळखी माणसासमोर, एखाद्या न अडणाऱ्या शब्दावर आपणहून, सैलपणे अडखळा. "एक व-व-वडा द्या." वडा मिळतो. मग हळूहळू तुमच्या नावडत्या अक्षरांकडे या. भाजीवालीकडे जा आणि भेंडी मागा. भेंडीच मागा, गवारीवर भागवू नका. शब्द अडला तर जोर लावून ढकलू नका, पळूही नका. अडलेल्या जागी थांबा, ओठ सैल सोडा आणि सावकाश बाहेर या. ही चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५-१९९४) यांची शिकवण. हेही अडखळणारेच होते. मिशिगनमध्ये त्यांनी आयुष्यभर यावर काम केलं.

याने अडखळणं नाहीसं होईल असं वचन मी देणार नाही. धास्ती उतरली की ताण उतरतो आणि बहुतेकांचं अडखळणं सौम्य होतं. एकट्याने जमलं नाही तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयात वाचाउपचार विभाग आहे. दोन्हीकडे खाजगीपेक्षा फार कमी पैशांत काम होतं.

लग्नाचं इथल्या अनुभवी मंडळींनी सांगावं.

---

भांडुपवाला

ताई, मनापासून आभार. भेंडी मला अजिबात आवडत नाही, पण आज पाव किलो घेऊन आलो. भाजीवालीने माझ्याकडे न बघताच वजन केलं. आईला संशय आलाय.

---

जुना_वाहक

तुला अरे-तुरे करतो, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, १९८५ ते २०१९. आयुष्यभर अडखळलो, अजून अडखळतो. मोबाइलवर मराठी टायपिंग मुलीने शिकवलं, एका बोटाने चाललंय.

अडखळणारा माणूस कंडक्टर कसा झाला असं लोक विचारतात. अरे, लागली नोकरी म्हणून झालो. वडील लालबागला गिरणीत. १९८२ च्या संपानंतर घरात पगार येणं बंद. तेव्हा कोण बघतो आपल्याला कुठलं काम झेपेल ते.

माझा 'प' अडायचा. आणि दादरच्या आजूबाजूचे स्टॉप आठव. प्लाझा, पोर्तुगीज चर्च, प्रभादेवी, परळ टीटी. कुठल्या मेल्याने ठेवली असतील ही नावं! नवीन पॅसेंजर विचारायचा, "मास्तर, पुढचा कुठला?" आणि माझे ओठ मिटलेले ते मिटलेले. स्टॉप येऊन जायचा. त्याहून मोठं दुखणं 'पुढे चला'. कंडक्टरने दिवसभर दुसरं म्हणायचं काय असतं? त्यावर मी तोडगा काढला, 'चला पुढे'. 'च' सुटला की त्याच्या मागून 'पु' कसाबसा सरपटत यायचा. लोकांना वाटायचं, मास्तरांची आपली स्टाईल आहे. तू मुलुंडचं तिकीट काढायचास ना, तसलंच हे.

दुमजली गाडीवर दोन कंडक्टर असायचे. मी वरचा मजला मागून घ्यायचो. वर उभं राहायला परवानगी नाही, सगळे बसलेले, म्हणजे 'पुढे चला' नाहीच. सहकारी म्हणायचे, ह्याला वारा खायला आवडतो. म्हणोत.

आणखी एक सांगतो, कारण तूही असलं काहीतरी करत असणार. तिकिटाला भोक पाडायचा पंच दांडीवर टकटक वाजवायची आम्हा सगळ्यांना सवय. माझ्या लक्षात आलं की टक केलं आणि त्याच ठोक्यावर बोललं की शब्द सुटतो. वाटलं, सापडलं औषध. पुढे पुढे एका ठोक्याने भागेना, दोन लागायला लागले. मग ठोक्याबरोबर मान झटकायला लागलो. मग मान झटकली तरी शब्द येईना, पण झटका मात्र कायमचा चिकटला. अडखळणं होतंच, त्यात मान झटकणारा कंडक्टर म्हणून पोरं नक्कल करायला लागली ते वेगळं. वाचाताई सांगतील याला काय म्हणतात. मी म्हणतो, व्याज.

गणपतीत मात्र मंडळात माझा आवाज सगळ्यांच्या वर. दहा जणांबरोबर आरती म्हणताना एक अक्षर अडत नाही. शेजारचे म्हणायचे, "मग बोलतानाच बरं नाटक सुचतं तुला." त्यांना काय सांगणार.

आता लग्नाचं. १९८९. मुलगी कणकवलीकडची. बघायला गेलो तेव्हा वडिलांनी गाडीतच बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. सगळं तेच बोलले. "मुलगा मितभाषी आहे, बेस्टमध्ये पर्मनंट आहे." त्या काळी पर्मनंट म्हटल्यावर पुढचं कोणी विचारत नव्हतं. लग्न झालं, आणि बायकांनी घेरलं, घ्या नाव! उखाणा मी महिनाभर पाठ केला होता:

वडाळ्याच्या डेपोतून सुटते पहाटेची गाडी,
…ला शोभून दिसते हिरवीगार साडी.

पहिली ओळ एकदम झकास गेली. यमकात, तालात माझं अडत नाही. दुसऱ्या ओळीला सुरुवातीलाच तिचं नाव, आणि ते 'प'ने. अडकलो तो अडकलोच. ओठ मिटलेले, मानेला झटके. बायका टाळ्या पिटून ओरडायला लागल्या, "लाजला, लाजला!" सगळा मांडव हसत होता. ती तेवढी हसली नाही. तिच्या लक्षात आलं होतं.

नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मला वाटलं, तोतरा नवरा पदरात पडला म्हणून. एकदा हिय्या करून विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही अडखळता त्याचा मला राग नाही. पण तुम्ही अडखळताना मला दिसला असतात, तर मी हो म्हटलं असतं की नाही, हे आता मला कधीच कळायचं नाही. ते तुम्ही लोकांनी माझ्याकडून काढून घेतलंत."

पस्तीस वर्षं झाली या गोष्टीला. संसार चांगला झाला, दोन मुलं मार्गी लागली. पण तिने जे म्हटलं त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि भांडण झालं की ते ती बरोबर बाहेर काढते.

म्हणून तुला सांगतो, तिला सांग. तुझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून नको सांगू, ते उतरेल न उतरेल. तिला ठरवता यावं म्हणून सांग.

स्वीकाराबिकाराचं म्हणशील तर मला ते थाटात काही जमलं नाही. लग्नानंतर एवढंच झालं की घरात लपवायचं काही उरलं नाही, मग बाहेर लपवायचाही कंटाळा यायला लागला. आधी माझ्या ड्रायव्हरला सांगितलं. मग रोजच्या पॅसेंजरना, "मी अडखळतो, जरा दम धरा." काही दम धरायचे. काही आपल्यालाच घाई असल्यासारखे शब्द पुरा करून द्यायचे, आणि हमखास चुकीचा. मी 'प-प' करतोय, तो म्हणणार "परळ?", अरे बाबा, प्लाझा! मग 'चला पुढे' सोडून दिलं आणि सरळ 'पुढे चला' म्हणायला लागलो, जसं येईल तसं. कधी कधी ते निघेपर्यंत लोक आपोआप पुढे सरकलेले असायचे. काम झालं की.

नक्कल करणारं पोरगं आजही भेटतं. आजही राग येतो. एकदा कान धरला होता एकाचा, तक्रार झाली असती. राग येणं थांबतं असं तुला कोणी सांगितलं असेल तर त्याने बस चालवून बघावी.

---

शिवडी_लोकल

काकांचा उखाणा वाचून हसले आणि मग हसू गेलं. मीसुद्धा अडखळते. ३८, बँकेत आहे, काउंटरवर. आमच्यात बायका कमी असतात, त्यामुळे लोकांना पुरुष अडखळताना माहीत असतो, बाई अडखळली की वाटतं हिला काहीतरी झटका आलाय. पाणी आणून देतात.

काकांचं म्हणणं पटतं. तरी दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर भांडुपवाला उद्या सांगून मोकळा होईल आणि परवा इथे येऊन रडेल. मी पत्रिकेतच लिहिलं होतं, अगदी शिक्षण-उंचीच्या खाली, 'बोलताना अडखळते'. फोन येणं जवळजवळ बंद झालं. जे आले त्यातल्या एका घरी मुलाच्या वडिलांनी माझ्या हातात पेपर दिला आणि म्हणाले, "जरा वाचून दाखव बरं, कितपत आहे ते कळेल." मी वाचला. पहिलं पान अख्खं, अडखळत, शेअर बाजाराच्या आकड्यांसकट, त्यांचा चहा गार होईपर्यंत. मग घरी येऊन मीच नकार कळवला. दुसऱ्या एकांनी आईला विचारलं, "मुलांना होणार नाही ना?" आईला उत्तर देता आलं नाही याचंच मला जास्त लागलं.

माझं लग्न झालेलं नाही. अडखळण्यामुळे की पेपरमुळे, माहीत नाही. रडगाणं नाही हे, मजेत आहे.

सांगायचं कसं, तर गुन्हा कबूल करतोय अशा चेहऱ्याने नको. 'मला तुला एक फार महत्त्वाचं सांगायचंय' असं म्हटलंस की समोरच्याला वाटतं आधीचं लग्नबिग्न झालंय. इडली खाता खाता सांग. एका वाक्यात. आणि मग, हे महत्त्वाचं, पुढचं वाक्य बोल. म्हणजे खरंच बोल, न तपासता. तिने 'अरेरे' म्हणावं, मग 'काही हरकत नाही' म्हणावं, याची वाट बघत बसू नकोस. तुला धीर द्यायचं काम तिच्या गळ्यात मारलंस तर तेही एक लपवणंच झालं. तिला प्रश्न असतील. कंटाळवाणे असतील. उत्तरं दे.

आणि एकटा राहू नकोस. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वमदत गट आहेत, मुंबईतही भेटतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाने ओळख करून दिली आणि प्रत्येकजण स्वतःच्या नावावरच अडकला. ओळख करून देण्यातच एवढा वेळ गेला की चहा येऊन संपला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आधी किती माणसं आहेत ते मोजलं नाही.

---

दादर_कट्टा

वेखंडाचं मागे घेतो. पण पुतण्याला सुटलं ते सुटलंच.

---

वाचाताई

सुटलं हो, आनंदच आहे.

शिवडी_लोकल, 'मुलांना होईल का' याचं उत्तर आईला द्या: जवळच्या नात्यात कोणाला असेल तर मुलाला अडखळण्याची शक्यता वाढते, होणारच असं नाही. आणि झालं तरी लहान वयात लक्षात आलं, घरच्यांनी 'नीट बोल' म्हणून ओरडणं थांबवलं आणि वेळेवर थेरपी मिळाली तर बरंच करता येतं. अडखळणाऱ्या आई-बाबांच्या घरात तर मुलाला एक फायदा असतो, त्याला काय होतंय ते तिथे कोणालातरी माहीत असतं.

जुना_वाहक, तुमच्या 'व्याजा'ला आमच्याकडे लांबलचक नाव आहे, पण व्याजच बरं. ठोका, चुटकी, मांडीवर थाप, सगळं सुरुवातीला चालतं, कारण लक्ष दुसरीकडे जातं. सवय झाली की लक्ष परत शब्दावर येतं. आरतीचं मात्र शंभर टक्के खरं. गाताना, किंवा दुसऱ्यांच्या सुरात सूर मिळवून बोलताना, जवळजवळ कोणीच अडखळत नाही. नाटक म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना माझ्याकडे पाठवा.

---

भांडुपवाला

सांगितलं. इथे लिहायला उशीर केला, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

उडप्याकडेच, इडली नव्हती, डोसा होता. शिवडीताईंनी सांगितलं तसं एका वाक्यात सांगायला गेलो आणि त्याच वाक्यात 'कधीपासून'च्या 'क'वर असा अडकलो की वेटर पाणी घेऊन आला. (पुरुषांनाही आणतात, ताई.) तेवढ्यात तिला प्रात्यक्षिकच मिळालं. ती म्हणाली, "म्हणजे फोनवर तू मधेच गायब व्हायचास ते हे होतं? मी सिम बदलायच्या विचारात होते."

मग मी बोललो. तपासून नाही, आपला सुटलो. ऑफिस, आत्या, मॅच, सगळं. पुष्कळ अडखळलो. मधे तिने माझा एक शब्द पुरा करून दिला, अर्थातच चुकीचा, आणि मी म्हटलं, तसं करू नकोस. ते तिला आवडलं नाही. तोंड बारीक झालं. निघताना म्हणाली, "मला खरंच शांत माणूस हवा होता रे," अर्धं हसत, अर्धं नाही. तिने विचार करायला वेळ मागितला आहे, अडखळण्याचा नाही, बडबडीचा. हा मुद्दा तुमच्यापैकी कोणीच काढला नव्हता!

हलकंबिलकं वाटलं नाही. थकलो प्रचंड. दुसऱ्या दिवशी ऑफिसात परत दोन-तीन शब्द बदलून बोललो, सवयीने. आत्या बोलत नाहीये. आईने भेंडीची भाजी केली आहे, चौथ्यांदा.

काल तिचा मेसेज होता, मॅच बघायला बाबांच्या शेजारी कोण बसतं म्हणून. त्याला होकार म्हणता येत नाही, पण नकारही नाही. ती पहिल्याच भेटीत म्हणाली होती की लग्न केलं तर नोंदणी पद्धतीनेच, मांडव नाही, बँड नाही. म्हणजे झालंच तर माझा उखाणा वाचला. जुना_वाहक काका, तुम्हाला जे भोगावं लागलं ते मला नाही. की तिथेही काही बोलावं लागतं? कोणाला माहीत आहे?

---

शिवडी_लोकल

बोलावं लागतं. माझ्या मैत्रिणीच्या लग्नाला साक्षीदार होते मी. विशेष विवाह कायदा १९५४, कलम १२. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना म्हणायचं असतं की मी अमुक, तुला तमुकला कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. दोघांना कळणारी कुठलीही भाषा चालते. पण नावं दोन्ही घ्यावी लागतात, तुझंही आणि तिचंही, आणि 'अमित' चालणार नाही.

---

जुना_वाहक

यमक जुळवून म्हटलं तर चालतं का ते विचारून ठेव.

---

शिवडी_लोकल

काका, ते कायद्यात लिहिलेलं नाही. पण त्याआधी ३० दिवसांची नोटीस असते, म्हणजे सरावाला महिना मिळतो. आधी होकार येऊ दे.